पहिलवानी घड्याळ

आमच्या झूच्या खोऱ्यात, स्वित्झर्लंडातल्या घड्याळवाल्यांच्या या मुलखात, माणूस दारू प्याला तर चालतं, बायको सोडून गेला तर चालतं, चर्चला दांडी मारली तर फारच चालतं. पण व्हाल्द्रासो कंपनीचं घड्याळ मनगटावर चढवून गावात यायचं म्हणजे कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणं. ते घड्याळ फुटबॉलवाल्यांचं, नाइटक्लबच्या मालकांचं, आणि ज्यांच्या पैशाला उजेड सोसत नाही अशांचं. तबकडीवर कवटी, कडेनं हिरे, आतलं यंत्र दुसऱ्यांकडून विकत आणलेलं. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणावं, तर वरूनही तमाशाच.

आणि ते घेतलं कुणी, तर रोलाँ ओबेरनं. ज्यानं सगळी हयात खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यात घड्याळांची चाल जुळवण्यात घालवली. त्याच्या टेबलावरून गेलेलं घड्याळ पुढंमागं होत नसे, आणि या गोष्टीचा त्याला माजही भरपूर होता. परक्या माणसाच्या मनगटाकडे बघून तो खुशाल विचारायचा, "हे कशाला घातलंय? डबा आहे तो." अशा माणसानं डबा घेतला, याचं कारण फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, जोसियानला, ठाऊक होतं.

लोझानचा डॉक्टर तरुण होता, भला होता, त्यानं काही लपवलं नाही. नसा मरत चालल्या होत्या. आधी हात, मग पाय, मग गिळणं, शेवटी श्वास. रोलाँनं एकच विचारलं, "हे कधी उलट फिरतं का?" डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली. परतताना आगगाडीत जोसियान खिडकीकडे तोंड करून रडली. रोलाँ समोरच्या सीटकडे बघत बसला.

निवृत्त होताना कारखान्यानं दिलेलं त्याचं घड्याळ नाण्याइतकं पातळ, आणि कडेची किल्ली मसुरीएवढी. रोज सकाळी कॉफीच्या आधी तिला पिळून घड्याळ भरायचं, ही त्याच्या बापापासूनची रीत. एका सकाळी बोटं घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. कॉफी निवली. शेवटी कशीबशी अर्धी किल्ली बसली, आणि घड्याळ रात्रीत बंद पडलं.

"दे इकडे, मी देते," जोसियान म्हणाली.

"नको."

"अरे, उद्या तुला घास भरवायची वेळ येणार आहे. मग किल्लीनं काय घोडं मारलंय?"

"घास भरव. किल्ली नाही द्यायची."

एवढ्या एका गोष्टीवर तो अडून बसला. किल्ली आपल्या हातानं देता येतेय तोवर आपण आजारी नाही, निदान गावासाठी तरी नाही. हा वेडेपणा होता, हे त्यालाही कळत होतं. पण दुसरं धरायला होतं काय हाताशी?

मग त्यानं भावाचं आपोआप चालणारं घड्याळ आणून पाहिलं. त्याला किल्ली लागत नाही, हात हलला की ते स्वतःच भरतं. पण रोलाँचा डावा दंड खांद्यापासून पडला होता, चालतानाही तो शर्टाच्या बाहीसारखा नुसता लोंबायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळ त्याच्या मनगटावरच थांबलं. रोलाँनं ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि न जेवता झोपला. आणि सेलवरचं घड्याळ? त्याचं नावही काढायची सोय नव्हती. त्याच्या लहानपणी सेलच्या स्वस्त घड्याळांनीच सगळं खोरं उपाशी पाडलं होतं, त्याच्या कुशल बापाला लाकडाच्या वखारीत फळ्या वाहायला लावल्या होत्या.

तेव्हा नवराबायको जिनिव्हाला गेले. तिथं ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं. दुकानातल्या पोरीनं रोलाँचं बोलणं ऐकून माणूस ओळखला आणि एकाहून एक घरंदाज घड्याळं मखमलीवर मांडली. रोलाँ प्रत्येकाची किल्ली चिमटीत धरायचा आणि खाली ठेवायचा. पोरीला वाटलं, म्हातारा चोखंदळ आहे.

"ते," त्यानं पलीकडच्या कपाटाकडे हनुवटी उडवली.

"ते... ते व्हाल्द्रासो आहे, मस्यू."

"वाचता येतं मला."

त्याची किल्ली हेझलनटएवढी होती, कडेला खोल खाचा पाडलेल्या. बोटांनी धरायचं कामच नव्हतं; तर्जनीची कड टेकवून नुसता तळहात सरकवला तरी ती फिरायची. आणि फिरताना आवाज करायची तो असा, कर्र कर्र, की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. रोलाँनं ती शेवटपर्यंत पिळली. कपाळावर घाम आला, पण कितीतरी दिवसांनी तो हसला.

बाहेर आल्यावर जोसियान म्हणाली, "गाव हसेल तुला."

"हसू दे की. हसणारा माणूस बोटांकडे बघत नाही."

तिनं त्याच्या कोटाचं बटण लावलं, आजूबाजूला कुणी नाही हे बघून.

शुक्रवारी दुपारी कॅफेत त्याची जुनी मंडळी पांढरी वाइन घ्यायला जमायची. त्यांत विली रोशा, रोलाँचा कारखान्यातला शेजारी, घड्याळांच्या धातूच्या पेट्या घासून चमकवणारा. जिभेला हाड नाही असा माणूस. रोलाँची बाही जरा वर सरकली आणि विलीनं ग्लास खाली ठेवला.

"रोलाँ, हे काय रे? कुस्तीत जिंकलास?"

"विकत घेतलं."

"विकत! जिलबेर्त, इकडे ये, बघ. हा आता नाइटक्लबच्या दारावर उभा राहून लोकांना आत सोडणार. पहिलवानी घड्याळ घातलंय!"

जिलबेर्त, कॅफेची मालकीण, आली, वाकून बघितलं, आणि छातीवर क्रॉस काढला. टेबल हसून कोसळलं. रोलाँनं तोंड मुद्दाम आंबट केलं आणि म्हणाला, "तुम्हा गरिबांना काय कळतंय त्यातलं." मग तर हसण्याला ऊतच आला.

"किल्ली दे, किल्ली दे," विली ओरडला, "इंजिन चालू होतंय का बघू!"

रोलाँनं टेबलावर हात टेकवून किल्ली पिळली. कर्र कर्र कर्र. विलीनं तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढला. त्या दिवशी घरी येताना रोलाँ इतका खुशीत होता की जोसियानला वाटलं, डॉक्टर चुकला असेल.

डॉक्टर चुकला नव्हता. पण तो हिवाळा बरा गेला, आणि तो त्या बदनाम घड्याळाच्या जिवावर गेला. दर शुक्रवारी विली नवीन टोमणा घेऊन यायचा. कवटीला टोपी घाल, सर्दी होईल. हिरे खरे असतील तर एक जिलबेर्तला दे, नाहीतर वाइनचं बिल तरी दे. मग सगळे "किल्ली! किल्ली!" म्हणून टेबल बडवायचे, आणि रोलाँ पिळायचा. तो ग्लास उचलण्याऐवजी तोंडच ग्लासाकडे वाकवतो, पायरीवर थांबून पाय टाकतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांचे डोळे कवटीवर.

घरी मात्र सकाळची किल्ली लांबत चालली. आधी तळहातानं, मग टेबलाच्या कडेवर किल्ली घासून, मग तर घड्याळ मनगटावरून सोडवून दातांत धरून. जोसियान त्या वेळी मुद्दाम अंगणात जायची, बर्फ नसला तरी फावडं घेऊन. शुक्रवारची किल्ली थोडी शिल्लक ठेवून तो कॅफेत जायचा, म्हणजे दोनचार फेऱ्या पिळल्या की पुरे. त्याला वाटायचं, आपण गावाला बनवतोय. पण त्या तमाशाला आता तो स्वतःच बांधला गेला होता, हे त्याला उशिरा कळलं.

खोऱ्यातलं गोठलेलं तळं वितळायला लागलं त्या सुमाराच्या एका शुक्रवारी विलीनं नेहमीसारखी आरोळी दिली. "चला, ट्रॅक्टर!"

रोलाँनं तर्जनी टेकवली. तळहात सरकला, किल्ली जागची हलली नाही. त्यानं पुन्हा टेकवली. आवाज नाही.

"सकाळीच दिलीय पूर्ण," तो म्हणाला.

"हां, काहीही! मागच्या वेळी फिरत होती ती? गारठलास का म्हाताऱ्या? आण तो हात इकडे, घासून चमकवतो." विलीनं हसत हसत त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागला.

विलीनं जन्मभर बोटांनी धातूचे खड्डे शोधले होते. रोलाँच्या अंगठ्याखाली जिथं मांस असायला हवं तिथं त्याचं बोट आत गेलं. तो चोळायचा थांबला. अंगठा त्यानं थोडा वर उचलला आणि सोडला. अंगठा पडला.

टेबलावरचे बाकीचे अजून हसतच होते. मग त्यांनी विलीचं तोंड पाहिलं आणि एकेकाचं हसू गेलं.

विलीनं रोलाँचं डावं मनगट पुढं ओढलं आणि किल्ली पिळायला लागला. सावकाश, आवाज होऊ नये अशी, आतली स्प्रिंग घट्ट होईपर्यंत. रोलाँला हात मागं घ्यायचा होता. खरोखरच घ्यायचा होता, पण तो खांद्यातून निघेना, आणि सगळ्यांच्या समोर तो आपलं मनगट दुसऱ्याच्या हातात देऊन बसला. त्या क्षणी त्याला मरण आलं असतं तर बरं वाटलं असतं.

किल्ली पूर्ण झाली. विलीनं बाही खाली ओढली, नीट केली.

"चांगलं आहे रे घड्याळ," तो म्हणाला.

"नाही म्हणजे, मजबूत आहे," शेजारचा म्हणाला. जिलबेर्तनं न मागता वाइन ओतली, आणि रोलाँच्या ग्लासात अर्धीच, म्हणजे उचलायला जड जाऊ नये.

"विली," रोलाँ म्हणाला, "पहिलवान म्हण की रे. आं? कवटीला काहीतरी म्हण."

विलीनं खिडकीबाहेर बघितलं.

"कशाला?" तो म्हणाला. "छान आहे. खरंच छान आहे."