फिल्टरमधलं रक्त

"रक्त निघालं," कोणीतरी म्हणालं, आणि मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवर रेलली.

पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवेलगतच्या एका बंद धाब्याच्या शेडमध्ये दर रविवारी मोतीराम महाराजांचा दरबार भरे. तिथे आजारी गाड्या येत. द्राक्षांचे टेम्पो, कांद्याचे पिकअप, टॅक्सी. त्या सकाळी उज्वलाची जुनी डिझेल गाडी बॉनेट उघडून मधोमध उभी होती. महाराजांनी तिचा एअर फिल्टर काढून पांढऱ्या टबात ठेवला, कमंडलूतलं 'तीर्थ' त्यावर शिंपडलं, दहा मिनिटं मंत्र पुटपुटले आणि वरून पाणी सोडलं. टबात लाल धार उतरली, मधूनमधून काळपट.

"सायलेन्सर म्हंजे काय?" महाराजांनी विचारलं. "मौन धरलेला आत्मा. आन् फिल्टर म्हंजे गाडीचं नाक. आत्मा नाकातनंच शिरतो. बाई, हिचा आधीचा मालक वारलाय का नाय?"

उज्वलाने हात जोडले. मालक खरंच वारला होता. रांगेत पाणी वाटणाऱ्या महाराजांच्या सेवेकरणीला तिने स्वतःच ते तासाभरापूर्वी सांगितलं होतं, पण आता तिला ते आठवलंही नाही.

तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नवरा रोहित एकोणचाळीसचा, दोन्ही किडन्या निकामी. दर सोमवारी आणि गुरुवारी त्याला नाशिकला डायलिसिसला न्यावं लागे, आणि गाडी ती स्वतः चालवी. महिनाभर गाडी चढाला दम टाकत होती, काळा धूर ओकत होती. गॅरेजवाला म्हणाला, "जुनी झाली ताई, विकून टाका." विकून मग न्यायचं कशातून?

फिल्टर उन्हात वाळल्यावर महाराजांनी त्यावर लाल 'कवचतेल' ओतलं, खालून ठिबकेपर्यंत. घरी येताना गाडी नव्यासारखी पळाली. उज्वला रस्ताभर रडत होती, सुटल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी रोहितला घेऊन जाताना ओझरजवळ गाडीने गचके खाल्ले, लाल दिवा लागला आणि ती बंद पडली. एका पिकअपवाल्याने दोघांना कसंबसं नाशिकला पोचवलं. मंगळवारी दरबार नव्हता, तरी ती पुन्हा महाराजांसमोर जाऊन बसली आणि रोहितच्या डायलिसिससकट सगळं सांगितलं.

"आत्मा खवळलाय," ते म्हणाले. "आता तो तुझ्या नवऱ्यात शिरायला बघतोय. नऊ दिवस त्याला कुठल्याच गाडीत बसवू नको. आन् ते मशिन लावून रक्त भायेर काढत्यात ना, तिथं तर त्याला दार उघडंच हाय. बंद कर ते."

रोहितला हे पटलं नव्हतं. पण वर्षभर सुया टोचून घेऊन तो थकला होता. "तुला बरं वाटत असेल तर राहू दे," एवढंच म्हणाला.

गुरुवार गेला. शनिवारी पाय सुजले. रविवारी त्याला आडवं होता येईना, उशा रचून तो बसूनच राहिला. उज्वला देवापुढे दिवा लावून दिवस मोजत होती. सोमवारी दुपारी जहिदा दारात उभी राहिली.

जहिदा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवायची. तिचे वडील शफीचाचा रोहितच्याच शेजारच्या खाटेवर डायलिसिस घेत. दोन पाळ्या खाट रिकामी आणि फोन उचलत नाहीत, म्हणून ती शोधत आली होती. रोहितकडे पाहताच ती म्हणाली, "यांना आत्ता न्यायचंय."

"आज सातवा दिवस आहे, मॅडम. दोनच राहिलेत."

"उज्वलाताई, त्यांचे ओठ बघा."

ओठ निळसर पडले होते. रोहितने हात पुढे केला, पण जहिदाकडे नाही, उज्वलाकडे. "मला ने," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला श्वासाअभावी बोलता आलं नाही.

जहिदाने रिक्षा बोलावून त्याला नाशिकच्या इस्पितळात पोचवलं. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर हाती काही उरलं नसतं. बाहेरच्या बाकावर उज्वला भिंतीकडे तोंड करून बसली. आत्मा नव्हे, आपणच त्याला मारत होतो, हे तिला कळलं होतं, आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

बुधवारी जहिदाने उज्वलाच्या अंगणात, ओझरहून ओढून आणलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं.

"हा कागदी फिल्टर नाही. धुऊन पुन्हा वापरायचा आहे, सुती जाळीचा. आधीच्या मालकाने बसवला असणार. धूळ चिकटावी म्हणून याला तेल लावतात. ते नीट पसरलंय का हे दिसावं म्हणून तेलात लाल रंग असतो."

"आणि तीर्थ?"

"फिल्टर धुवायचं औषध. जुनं तेल आणि धूळ सुटून आली, तेच तुमचं रक्त. नाक मोकळं झालं म्हणून गाडी पळाली."

"मग बंद का पडली?"

"तेल बेताने लावायचं, मुरू द्यायचं, जास्तीचं टिपून घ्यायचं. त्याने ओतलं. ते हवेबरोबर आत गेलं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं." तिने सेन्सर काढून दाखवला. बारीक तारेवर तेलाचा तवंग होता. योग्य स्प्रेने तो साफ केला, फिल्टर धुऊन वाळवून बेताचं तेल लावलं. गाडी सुरू झाली. उज्वलाला आनंद झाला नाही. तिला शरम वाटली आणि मग राग आला.

रविवारी रोहित इस्पितळातच होता. उज्वला दरबारात गेली, जहिदा सोबत. रांगेत कुसाबाई नावाची म्हातारी मुलाच्या टेम्पोजवळ बसली होती. उज्वलाने तिच्या हातात एक सीलबंद खोकं दिलं. "मावशी, तुम्ही फोडा."

आतून कोरा, कारखान्यातूनच लाल तेल लावून आलेला फिल्टर निघाला. उज्वलाने तो महाराजांच्याच टबात ठेवला, बाटलीतलं औषध फवारलं, दहा मिनिटं थांबली. मंत्र म्हटला नाही. मग पाणी सोडलं. टब लाल झाला.

"हा अजून कुठल्याच गाडीत बसलेला नाही," ती म्हणाली. "हे कुणाचं रक्त, महाराज?"

"खोक्यावर करणी केलीय," महाराज म्हणाले. दोघेतिघे हसले.

कुसाबाई टबाजवळ आली. "आमच्या टेम्पोत तर कागदी व्हता. यांनीच मंतरून लाल बसवला. आज रक्त काढणार व्हते."

"ज्यांचा कागदी असेल त्यांना पहिल्या फेरीला लाल बसवायचा, दुसऱ्या फेरीला धुवायचा," जहिदा म्हणाली. "एवढीच विद्या आहे."

"पर तुझी गाडी पळाली व्हती ना, पोरी?" कुसाबाईने विचारलं. "म्या पाह्यलं."

"पळाली, मावशी. म्हणूनच मी पुढचं सगळं खरं मानलं." उज्वला रांगेकडे वळली. "माझा नवरा आज जिना चढू शकत नाही, त्याचं हृदय कमजोर झालंय. ते यांच्या शब्दावर मी केलंय. गाडी अडली तर मेकॅनिकला दाखवा, एकाला जमलं नाही तर दुसऱ्याला. माणूस आजारी असेल तर डॉक्टरकडे न्या. आणि चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे कसं केलं? खऱ्या माणसाला सांगायला भीती वाटत नाही."

सगळे उठले नाहीत. पण कुसाबाईने मुलाला टेम्पो वळवायला सांगितलं, आणि तिच्यामागे आणखी चार गाड्या हायवेला लागल्या. जहिदाने पोलिसांना फोन लावला. उज्वला टबातलं लाल पाणी तसंच ठेवून, येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत, संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिली.