मधलं शेत

रुएलने माझ्या लॉजच्या जेवणघरात पांढरी चादर टांगली आणि तिच्यावर मशीनमधून एक आलेख पाडला. एक रेघ खालून निघून वर जात होती, वरच जात होती, आणि चादर संपली म्हणून थांबली.

"पुढच्या पाच वर्षांत फिलिपिन्सचं पर्यटन हे असं वाढणार आहे," रुएल म्हणाला. "आणि त्यात आपल्या इफुगावच्या डोंगरांचा वाटा मोठा असणार आहे."

रुएल पर्यटन कार्यालयात आहे. माझ्या बायकोच्या, नोर्माच्या चुलतभावाचा मुलगा. पोरगा वाईट नाही. पण वरून आलेलं चांगलं भविष्य खाली वाटत फिरायचं, ही त्याची नोकरी. असल्या नोकरीत माणूस जरा बावळट दिसतो, त्याला इलाज नाही.

"रुएल," मी म्हणालो, "तुझी रेघ चढते ते दिसलं बाबा. माझा जिना कोण चढणार, ते सांग."

जमलेले सगळे लॉजवाले हसले, पण हसण्यात दम नव्हता. सगळ्यांची तीच गत. करोनाच्या साथीच्या आधी पाहुणे तीन-तीन रात्री राहायचे, खोल्या पुरल्या नाहीत की व्हरांड्यात झोपायचे. साथीत कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आता येतात, नाही असं नाही. रात्रीच्या बसने निघून सकाळी उतरतात, कठड्याशी उभं राहून फोटो काढतात, आमचा संडास वापरतात आणि संध्याकाळच्या बसने परत. यापुढे संडासाचंच भाडं लावू या, असं नोर्मा म्हणते, आणि ती ते चेष्टेने म्हणत नाही.

"अंकल, म्हणून तर सगळ्यांना बोलावलं," रुएल म्हणाला. "मनिलाची एक सहल कंपनी पुढच्या आठवड्यात माणसं पाठवतेय. त्यांना पसंत पडलं तर प्रत्येक गट इथे दोन रात्री मुक्काम करणार. फक्त..." तो खिडकीकडे वळला. "फक्त ते मधलं शेत."

त्याने पुढे बोलायची गरज नव्हती. माझ्या व्हरांड्यातून भातशेतं दिसतात, डोंगराच्या माथ्यापासून नदीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. आम्ही सगळे जे विकतो ते हेच. आणि बरोब्बर मध्यभागी, समोरचा दात पडावा तशी, एका शेताची भिंत ढासळलेली. ऑक्टोबरच्या वादळात गेली ती. दगड आणि लाल माती खालच्या शेतात ओघळून पडली आहे. ते शेत माझ्या थोरल्या बहिणीचं, फेलिसाचं.

आमच्यात शेत थोरल्याचं. मुलगा असो की मुलगी, जे आधी जन्मलं त्याला शेत. वाटण्या करत नाहीत, कारण घोंगडीएवढ्या शेताचे तुकडे करून करायचं काय? धाकट्यांना आशीर्वाद. मला वडिलांनी आशीर्वादाबरोबर रस्त्याकडेचा हा खडक दिला. याच्यावर रताळंसुद्धा रुजत नव्हतं. तरुणपणी मला या गोष्टीचा फार राग यायचा. मग रस्ता सुधारला, पाहुणे यायला लागले, त्यांना बसून शेतं बघायला जागा हवी होती आणि ती नेमकी माझ्या खडकावर होती. शेत बहिणीचं राहिलं आणि शेताकडे बघण्याचे पैसे मला मिळू लागले. तिने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. तिला तेवढी फुरसतच नव्हती.

"फेलिसा आंटीशी तुम्हीच बोला," रुएल म्हणाला. "लावणीच्या आत भिंत उभी राहील असं निदान सांगता तरी आलं पाहिजे."

"तू सरळ मला सांग की," दारातून आवाज आला. फेलिसा नोर्मासाठी पालेभाजी घेऊन आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडात पान-सुपारी, डोक्याला फडकं. अडुसष्ट वर्षांची बाई. "माझ्या भिंतीची सभा भरलीय आणि मलाच आमंत्रण नाही. वा!"

रुएल उठून उभा राहिला. "आंटी, बसा ना. आम्ही एवढंच म्हणत होतो, की तुम्ही भिंत कधी..."

"मी नाही बांधणार," फेलिसा म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. भाजीची जुडी टेबलावर ठेवत ती पुढे म्हणाली, "तेरा वर्षांची होते तेव्हापासून बांधतेय. पाऊस पाडतो, मी बांधते. पुन्हा पाडतो, पुन्हा बांधते. आता वाकले की उठवायला दुसरं माणूस लागतं. थकले रे मी. खरंच थकले. मला आता बसायचंय."

"मग राहू द्या तसंच, आंटी," रुएल बिचारा म्हणाला. "पडीक राहील एखादं वर्ष."

"राहू दिलं असतं. पण पाणी माझ्या शेतातून खाली उतरतं. माझी भिंत नाही तर खालच्या कुणाला पाणी नाही. त्या विधवा इनासियाचं शेत माझ्या पायाशी आहे. तिला काय तोंड दाखवू? तेव्हा इथे सगळे आहात तर विचारून टाकते. शेत कुणाला पाहिजे? विकत नाही, फुकट देते. घ्या आणि मला सोडवा."

"तुमचा थोरला?" कुणीतरी विचारलं.

"तो तैवानच्या कारखान्यात. फोनवर म्हणाला, आई, विकून टाक. धाकटी बागियो शहरात नर्स आहे. ती म्हणाली, आई, आधी गुडघे दाखव." फेलिसाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "बोला."

मघापासून त्या शेताविना आपलं कसं बुडणार आहे, हे एकमेकांना सांगणारी ही माणसं. एकाची कंबर धरलेली होती. शेजारच्या लॉजची आदोरासिऑन म्हणाली, मी बाई एकटी, मला कसं झेपेल? तिसऱ्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, आणि फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता.

"मला सरकारी नोकरी आहे, आंटी," रुएल म्हणाला.

"शनिवारी सुट्टी असते ना? भाताला शनिवार चालतो."

सगळे हसले, रुएलसुद्धा. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू आवरावं लागलं.

"मानांग," मी म्हणालो. थोरल्या बहिणीला आम्ही मानांग म्हणतो. "मानांग, माझंही वय झालंय."

"माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेस."

"लॉज कोण बघणार?"

"लॉजमध्ये आहे कोण?"

याच शेतासाठी मी एकदा आठवडाभर घरात जेवलो नव्हतो. आज तेच कुणी ताटात वाढून पुढे केलं तर मी सबबी शोधत होतो. लाज वाटली, फार लाज वाटली, पण नुसती लाज वाटून काही हात पुढे होत नाही. फेलिसा भाजी उचलून स्वयंपाकघरात गेली.

"तुझ्या बापाने बरं केलं, तुला दगड दिला," नोर्मा नंतर म्हणाली. "दगडाला दगड."

तो आठवडा रुएलने धावपळीत काढला. कुठूनशी हिरवी जाळी आणून त्याने पडक्या भागावर ताणली. लांबून गवत वाटेल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ती उचलून आदोरासिऑनच्या छपरावर नेऊन टाकली, आणि ती बाई दिवसभर आम्हा सगळ्यांना शिव्या देत होती.

ठरल्या दिवशी मनिलाची दोन माणसं आली, एक बाई आणि एक कॅमेरावाला तरुण. नऊ तासांच्या प्रवासाने दोघांचे चेहरे उतरलेले. धुकं नव्हतं, हे आमचं नशीब. नोर्माने आलं घालून कोंबडी शिजत ठेवली होती आणि फेलिसा तिच्या मदतीला आली होती. कोंबडी फेलिसानेच कापली, साफ केली.

मनिलाची बाई कठड्याशी गेली. "अहाहा," म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. रुएलचा चेहरा उजळला. तेवढ्यात तिने बोट दाखवलं. "ते मध्ये काय झालंय?"

"वादळ झालं होतं, मॅडम."

"वादळ ऑक्टोबरमध्ये झालं ना? मग मालक काय करतायत? सोडून गेले का?" तिने रुएलकडे पाहून मान हलवली. "बघा, आम्ही पाहुण्यांना सांगतो की इथले लोक आजही ही शेतं कसतात. आणि समोरच टाकून दिलेलं शेत! लोक विचारणारच."

फेलिसा कॉफी घेऊन आली होती. बाईने तिच्याकडे न बघताच ट्रेमधला कप उचलला आणि 'थँक यू' म्हटलं. वाईट वागली असं नाही, लोक असेच वागतात. मी बहिणीकडे बघत होतो. 'टाकून दिलेलं' हे तिने ऐकलं होतं. मला वाटलं ती आता फाडकन काही बोलेल. पण ती रागावलीच नाही. ती फक्त ट्रे ठेवायला जागा शोधत होती. रागावण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"टाकलेलं नाही," मी म्हणालो. "ते शेत माझं आहे. लावणीच्या आत भिंत उभी करतो."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. थोडं पाहुणे हातचे जातील म्हणून गेलं असेल. जास्त तिच्यासाठी गेलं, असं मी मानतो.

फेलिसाने ट्रे कठड्यावर ठेवला. मग आमच्या भाषेत, शांतपणे विचारलं, "रुएल, ऐकलंस?"

"ऐकलं, आंटी."

"नोर्मा, तू?"

"ऐकलं!" नोर्मा आतून ओरडली. "मेलास आता, सेबियो."

आमच्यात शेत एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की जनावर कापायचं आणि साक्षीदारांनी एकत्र बसून जेवायचं. एकदा जेवणं झाली की मग देवाच्या बापालाही ते फिरवता येत नाही. खरं तर डुक्कर लागतं. "भावाबहिणीत कोंबडी चालते," फेलिसाने परस्पर ठरवून टाकलं. आणि कोंबडी तर शिजतच होती, तिच्याच हातची. आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो. मनिलाच्या दोघांनी भात दोनदा मागून घेतला. आपण कशाची साक्ष देतोय हे त्या बापड्यांना काय ठाऊक! फेलिसाने काळीज माझ्या ताटात वाढलं. पित्ताची पिशवी टम्म भरलेली निघाली होती म्हणे, म्हणजे शकुन चांगला.

आठ-दहा दिवसांनी रुएल आला आणि बाहेरच्या पायरीवर बसला. आत ये म्हटलं तरी येईना.

"अंकल, त्यांनी समुद्रकिनारा धरला. रस्ता फार लांब पडतो म्हणाले. पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

"आणि तुझी ती रेघ?"

"रेघ आहेच, अंकल. ती सगळ्या देशाची आहे."

मी त्याच्याजवळ बसलो. त्याच्यावर रागवावंसं वाटलं नाही. तोही दमला होता. पुढच्या वर्षी बघू, हे आम्ही इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता त्याने वाईटही वाटत नाही.

"नोर्मा," तो गेल्यावर मी म्हणालो, "पाहुणेच येणार नसतील तर त्या शेताचं तसं काही..."

"कोंबडी उठून परत चालायला लागेल का?" नोर्माने विचारलं. "नाही ना? मग जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. इनासिया जावयाला घेऊन आधीच येऊन बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "धनी आले. चला, पाय तरी मातीत जातात का बघू." चिखल बर्फासारखा गार होता. लाकडी फावड्याने माती ओढायला घेतली आणि अर्ध्या तासात पाठ बोलायला लागली. खाली घरंगळलेले दगड आम्ही तिघांनी एकेक करून वर आणले. भिंतीच्या पायाचा पहिलाच मोठा दगड काही केल्या बसेना. इकडून बसवला की तिकडून हलायचा. इनासिया म्हणाली, "तुझ्या बहिणीलाच विचार. या दगडाची खोड तिलाच माहीत."

मी वर पाहिलं. फेलिसा माझ्या व्हरांड्यात होती. पाहुण्यांची वेताची खुर्ची तिने कठड्यापाशी ओढून घेतली होती, पाय वर घेऊन बसली होती आणि हातात कप होता.

"मानांग!" मी ओरडलो. "हा दगड कसा बसवायचा?"

ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा हाक मारली. ती उठली, कठडा धरून उभी राहिली, पण माझ्याकडे बघत नव्हती. माथ्यापासून नदीपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश बघत होती.

"सेबियो!" तिने वरून हाक दिली.

"काय गं?"

"अरे, केवढं सुंदर दिसतं रे हे इथून! मला कधी कुणी सांगितलंच नाही!"