गुरुवार रिकामा असतो

रविवारी सकाळी थेरगावच्या आमच्या घरात मी एकटीच होते. नवरा, प्रितम, चाकणला कंपनीत. इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, आम्हा आयटीवाल्यांना शनिवार-रविवार. या भानगडीत लग्नाला वर्ष होऊनही अख्खा दिवस एकत्र काढल्याचं आठवत नाही. सासूबाई विचारतात, "गोड बातमी कधी?" मी म्हणते, कॅलेंडरला विचारा.

गुरुवारची सुट्टी द्या म्हणून मी आमचे मॅनेजर जयदीप सरांच्या मागे हात धुऊन लागले होते. शेवटी ते म्हणाले, "रविवारचा घोळ निस्तर, मग गुरुवार तुझा."

घोळ असा. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांची हजेरी आमच्या ॲपवर लागते. गेटवर गर्दी झाली की सर्व्हर आपोआप वाढावेत, ओसरली की कमी व्हावेत, अशी सोय आहे. पण दर रविवारी पहिल्या शिफ्टला ॲप मान टाकायचं. त्या दिवशीही टाकली. प्रितमचाच फोन आला.

"अगं, गेटवर ही लाइन लागलीय! पोरं शिव्या घालतायत."

"मला?"

"ॲपला. मी पण घातली एक. चहा घेतलास का?"

"ठेव फोन, काम करू दे," मी म्हणाले. त्याने ठेवू नये असं फार वाटत होतं. त्याने ठेवला.

आधी नव्या कोडवर संशय घेतला, जुनं चढवलं. फरक शून्य. मेमरी पाहिली, भरपूर होती. मग दिसलं, नवे कंटेनर, म्हणजे ॲपच्या जादा प्रती, तयार होत होते, पण त्यांना चालायला सर्व्हरचं मशीनच मिळत नव्हतं. मशीन किती वाढू द्यायची याची मर्यादा दर रविवारी खाली येत होती. आमचाच खर्चबचतीचा नियम: रविवारी सुट्टी, मशीन कमी. लिहिणारा शनिवार-रविवारवाला, दुसरं काय! चाकणला रविवारी सुट्टी असते असं याला कुठल्या शहाण्याने सांगितलं?

मर्यादा उठवली आणि हजेरी भराभर लागू लागली. मग मी वर्षभराच्या हजेरीचे आलेख काढून सरांना पाठवले. बचत करायचीच तर गुरुवारी करा, तेव्हा चिटपाखरूही नसतं. त्या आनंदात मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले.

दुपारी सरांचा फोन आला. "शाब्बास मिनल! तुझे आलेख वरच्यांना दाखवले, सगळ्यांना पटले."

"मग सर, माझा गुरुवार?"

"तेच सांगतोय. सर्व्हर बंद ठेवून करायची सगळी कामं आता गुरुवारी. तो दिवस रिकामा असतो हे तूच सिद्ध केलंस ना? मग तुझ्याशिवाय कोण करणार?"

"आणि सुट्टी?"

"शनिवार-रविवार आहेच की तुला."

शिफ्ट सुटल्यावर प्रितमने फोन केला. आवाजात नुसता उत्साह. "गुरुवारच्या सिनेमाची तिकिटं काढू ना?"

मी म्हणाले, "एकच काढ."