उलटा फलाट

आमच्या स्टेशनचा इतिहास लिहायला बसणाऱ्यांनी आधी माझ्याशी बोलायला हवं होतं. पण स्टेशन समितीचे सचिव पडले घाईचे. रंगवलेल्या तिकीटघराच्या भिंतीवर इतिहासाचा फलक लागणार म्हटल्यावर त्यांनी एका दमात मजकूर लिहून काढला. मग उंची कमी करायला आणलेल्या पँटबरोबर तोही माझ्या दुकानात शिलाई मशीनवर आणून ठेवला. त्यात एक ओळ होती, ‘पहिला फलाट स्थानिक मिस्त्रीने नकाशा उलटा धरल्यामुळे चुकीच्या बाजूला बांधला गेला.’

हा स्थानिक मिस्त्री म्हणजे माझे बाबा. माझं डोकंच फिरलं. पँट मी तशीच परत केली.

गोष्ट साऱ्या वस्तीला तोंडपाठ आहे. पूर्वी इथे गाडी नुसती थांबायची, फलाट नव्हता. सकाळी लोक दांडा धरून कसेबसे डब्यात चढायचे आणि संध्याकाळी अंधारात खडीवर उड्या टाकायचे. फलाट मागितला तेव्हा रेल्वेने सांगितलं, एका बाजूपुरता दगड देतो, नकाशा देतो, मेहनत तुमची. नकाशा होता शहराकडे जाणाऱ्या बाजूचा, कारण सकाळी चढायला वेळ लागतो आणि गाडी रखडते. बाबा तेव्हा नुकतेच मिस्त्री झाले होते. सुट्टीच्या दिवशी बायामाणसं घमेली घेऊन यायची आणि बाबा सांगतील तिथे रिकामी करायची. फलाट असा झाला की आजतागायत त्याला तडा नाही. फक्त झाला पलीकडच्या बाजूला, शहरातून येणाऱ्या रुळाला लागून.

काम संपल्यावर इंजिनिअर साहेब बघायला आले आणि लालबुंद झाले. बाबा मान खाली घालून म्हणाले, नकाशा उलटा धरला साहेब. दुसरा फलाट व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर नव्याने राहायला आलेली मंडळी रोज सकाळी डब्यात चढताना बाबांच्या नावाने खडे फोडायची.

तेव्हापासून बाबा ‘उलटे मिस्त्री’ आणि मी उलट्यांची पोर. शाळेत माझं दप्तर कुणीतरी हमखास उलटं टांगून ठेवायचं. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही घर सापडावं म्हणून हेच नाव सांगावं लागलं. ते कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि आता तीच चूक भिंतीवर लिहिली जाणार, नातवंडा-पतवंडांनी वाचायला.

संध्याकाळी मी घरी गेले आणि ती ओळ काढायलाच लावते, असं बाबांना सांगितलं. नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत आहेत. म्हणाले, राहू दे. मग मात्र माझा आवाज चढला. जन्मभर ऐकून घेतलंत तेवढं पुरे नाही का, असं मी विचारलं. बाबांनी मला शेजारी बसवलं.

“नकाशा मला चांगला कळत होता,” ते म्हणाले. “पण दगड एकाच बाजूला पुरणार होता. सकाळी माणूस ताजा असतो, कसाही चढतो. दमून भागून आल्यावर अंधारात उडी टाकायची, हे काय काम आहे? शेजारच्या काकूंचा पाय त्यातच मोडला होता.”

“मग साहेबांना तसं सांगायचं ना.”

“मुद्दाम केलं म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाडायला लावला असता. चुकलं म्हटल्यावर नुसते ओरडून गेले.”

एवढी वर्षं हा माणूस लोकांचं हसणं झेलत आला, का तर लोकांनी धड उतरावं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक स्टेशनच्या प्रतीक्षागृहात होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सचिवांनी आ वासला. पण पुढच्या बाकावरची जुनी मंडळी शांत बसून होती. शेजारच्या काकूंनी आपला अधू पाय हाताने उचलून नीट ठेवला.

“आम्हाला माहीत आहे गं,” त्या म्हणाल्या. “घमेली आम्हीच ओतली. रूळ कुठला ते दिसत नव्हतं का आम्हाला? साहेब पुढेही चौकशीला यायचे. चूक खरी वाटायला हवी होती. म्हणून ‘उलटे’ हे नाव आम्हीच ठेवलं आणि साहेबांच्या देखत मोठ्याने हाका मारायचो. तुझे बाबाच म्हणाले होते, मनापासून हसा.”

मला का नाही सांगितलं, मी विचारलं. मुलांच्या कानावर गेलं असतं तर चार दिवसांत स्टेशनमास्तरांपर्यंत पोचलं असतं, असं त्यांचं उत्तर. पुढे दुसरा फलाट झाला, पण तोवर नाव इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला ते सोडवेना. बाबांनाही नाही.

सचिवांनी ती ओळ खोडली. नवी ओळ लिहायला पेन सरसावून त्यांनी अदबीने विचारलं, मिस्त्रींचं पूर्ण नाव काय लिहू? बाकावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले.

“पूर्ण नाव नको,” मी म्हटलं. “उलटे मिस्त्री लिहा. आणि जरा मोठ्या अक्षरात लिहा.”