हे प्रभू, काही माणसं

"ख्रिस्ताच्या माणसाच्या काळजात रागाला बसायला पाटसुद्धा नसतो!"

बोरी अरब गावच्या छोट्याशा चर्चमध्ये मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, डोमाजींनी अशी घोषणा केली आणि ती नीट ठसावी म्हणून व्यासपीठावर मूठ आपटली. पाळकसाहेबांचा चष्मा खाली पडला, एक काडी मोडली. चष्म्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे डोमाजींची थोरली बहीण पंचफुलाबाई बसली होती आणि डोमाजी तिच्याशी सहा वर्षं बोलत नव्हते.

शेवटची चार वर्षं त्यांची आई पंचफुलाबाईकडेच होती. तेल लावणं, घास भरवणं, अंथरूण धुणं, सगळं बाईनं केलं. डोमाजी रविवारी जात, आईचा हात धरून मोठ्या आवाजात प्रार्थना करत आणि चहा घेऊन परत येत. आई गेली. दफनाच्या वेळी डोमाजींनी मेंढपाळाचं गीत सुरू केलं. बाई म्हणाली, "डोमा, मायले नदीपल्याडच्या घराचं गाणं आवडे," आणि तिनं ते सुरू केलं. अर्धी मंडळी मेंढरांमागे गेली, अर्धी नदीपलीकडे. दोन चालींच्या कात्रीत आई बिचारी खड्ड्यात उतरली. डोमाजींचं डोकं सणकलं. सगळ्यांच्या देखत ते ओरडले, "तुह्याच हातचं खाऊन मेली माय!"

बाईनं गाणं थांबवलं. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

म्हणजे थेट शब्द नाही. रविवारी मुक्त प्रार्थनेची वेळ असे. कोणीही उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करावी. डोमाजी डोळे मिटून उभे राहत. "हे प्रभू, काही माणसं आपल्या मोरीचं पाणी सख्ख्या भावाच्या दारात सोडतात. त्यांना सुबुद्धी दे." ते बसले की बाई उठे. "हे दयाळू बापा, काही माणसांचा स्वतःचाच नळ महिनाभर गळतो आणि त्यांना ते पाणी बहिणीचं वाटतं. त्यांचे डोळे उघड." मंडळी 'आमेन' म्हणे आणि पुढच्या रविवारी वेळेच्या आधी येऊन बसे. चर्चची हजेरी इतकी चांगली कधीच नव्हती.

एकदा तरुण पाळकसाहेबांनी डोमाजींना बाजूला घेतलं.

"काका, प्रार्थना करताना तुम्ही देवाकडे पाहता की दुसऱ्या बाकाकडे?"

"माहे डोळे मिटलेले असतात, साहेब."

"देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवता तुम्ही. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, हे तुम्हीच रविवारच्या शाळेत शिकवता ना?"

"शिकवतो. पण कोणत्या दिवसाचा सूर्य, हे कुठी लिहिलं आहे?"

पाळकसाहेब नवी काडी लावलेला चष्मा पुसत राहिले.

पुढच्या रविवारी डोमाजींनी जोरदार प्रार्थना केली. ताठ मानेच्या बहिणींना नम्रता मागितली. ते बसले आणि उत्तराची वाट पाहू लागले. उत्तर आलंच नाही. त्यांनी एक डोळा उघडला. बाई आज बाकावर नव्हती, तोंडावर पदर धरून शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिनं डोमाजींच्या दिशेनं हात उचलला. 'हात दाखवून राह्यली मले!' असं मनात म्हणून त्यांनी डोळा पुन्हा मिटला. सहा वर्षांत पहिल्यांदा ते जिंकले होते. दुपारी एक भाकर जास्त गेली.

सोमवारी सकाळी बाईची सून दीपमाला दारात उभी.

"मामाजी, आईची वाचा गेली गुरुवारपासून. अर्धं अंगही गेलं. डॉक्टर म्हणे हलवू नका, पण त्या ऐकेनात. खुर्चीत घालून चर्चमधी आणलं. तुमच्यासाठीच आल्या होत्या. हात केला तुमच्याकडं, तुम्ही पाहून डोळे मिटून घेतले. काहून, मामाजी?"

"येतो," डोमाजी म्हणाले.

"आता चला ना."

"तू हो पुढं. सूर्य मावळायच्या आत येतो."

कारण नुसतं जाऊन भागणार नव्हतं. जे वाक्य खड्ड्याशी बोलले होते, ते परत घ्यायचं होतं, आणि 'हे प्रभू' लावल्याशिवाय बहिणीशी बोलायची सवयच मोडली होती. त्यांनी दाढी केली. कोट घातला. ओसरीवर बसून वाक्य जुळवू लागले. 'बाई, झालं गेलं...' छे, हे तर सरपंचानं बोलल्यासारखं. 'बाई, चूक दोघांची...' हेही खोटं. चूक एकाचीच होती, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. राग आला होता तो तिच्यावर नव्हताच. आईची चार वर्षं तिनं काढली, आपण फक्त चहा प्यायलो, त्याचा होता. दुपार कलली. शेवटी वाक्य सापडलं. डोमाजी टोपी घेऊन उठले. दिवस अजून कासराभर वर होता.

तेवढ्यात गल्लीच्या वरच्या टोकाकडून, बाईच्या घरातून, बायांच्या रडण्याचा आवाज आला.

मंगळवारी बाईला आईच्या शेजारी ठेवलं. मंडळी गीताची पुस्तकं हातात धरून उभी होती. कोणतं पान उघडायचं, ते कोणी विचारत नव्हतं. डोमाजी पुढे झाले. मूठभर माती घेतली. आज त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"बाई, तुह्या हातचं खाल्लं म्हणून माय चार वर्षं जगली."

कोणी 'आमेन' म्हटलं नाही. दुसऱ्या बाजूनं उत्तरही आलं नाही. मातीचा आवाज तेवढा झाला.

मग त्यांनी फाटक्या आवाजात गाणं सुरू केलं. नदीपल्याडच्या घराचं. मंडळी दचकली, आणि मग एकेक जण त्यांच्यामागे गाऊ लागला. पहिलं कडवं संपलं आणि डोमाजी एकदम थांबले. कंठ दाटला असेल म्हणून पाळकसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

डोमाजी दीपमालाकडे वाकले.

"पोरी, पुढचं कडवं सांग व. हे गाणं लागलं की तोंड मिटून उभा राहे मी. मले येत नाही."