उत्तरेकडे तोंड केलेल्या प्लेटी

नात तन्वीचं लग्न होऊन ती विजयदुर्गला गेली, त्याच वर्षी मार्गशीर्षात आमच्या जुव्याची गावपळण आली. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. दर चार वर्षांनी देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री बेट रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी पलीकडच्या काठावर खोपी बांधून राहतात.

माझी बायको तुळसा तेव्हा नाकात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर होती. जुव्यावर विजेची तार आलेली नाही. यंत्र सोलरच्या बॅटरीवर चाले, आणि गावचा सोलर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

मी तिला म्हटलं, "मालवणात तुझ्या भयणीकडे लायट आसा. थंय ऱ्हव तीन दीस."

"सगळो गाव खोपीत नि मी पंख्याखाली पावणी? तुमचो सोलर घेवा वांगडा."

मग छपरावरच्या चार सोलर प्लेटी उतरवल्या, एक बॅटरी सोडवली. होडी वल्हवताना शेजारचा दत्ताराम म्हणाला, "कोंबडी होडयेत, बोकड होडयेत, आता सूर्य पण होडयेत!" तुळसा हसली आणि मग बराच वेळ खोकत बसली.

काठावर बांबूच्या तिरक्या ताटीवर प्लेटी बांधताना मी त्यांचं तोंड उत्तरेला केलं. उत्तरेला जुवा, जुव्यावर देऊळ. पुतणी संचिता वायरमनचं काम शिकलेली. ती म्हणाली, "काका, तोंड दक्षिणेक होया. तुमीच शिकवलास मा आमका?"

"तां घराच्या छपरार. हय देव समोर आसा. तेका पाठ दाखवू?"

"देव काय बॅटरी भरतलो?"

"गप गो."

पहिल्या संध्याकाळी बॅटरीवर साठ टक्क्यांचा आकडा होता, दुसऱ्या संध्याकाळी एकवीसचा. मला कळत होतं. इतकी वर्षं सोलर सांभाळला, थंडीतला सूर्य दक्षिणेकडून जातो हे मला माहीत होतं. पण सगळा गाव बघत होता, आणि मी दमलो होतो. उद्या ऊन चढलं की भरेल, असं म्हणून झोपलो.

उजाडायच्या आधी यंत्र बंद पडलं. संचिताने मालवणच्या रिक्षावाल्याला फोन केला. मी दोऱ्या सोडून प्लेटी दक्षिणेला वळवल्या. सूर्य अजून आलाच नव्हता. रिक्षा आली तेव्हा दत्ताराम वाटेवर उभा राहून तिला परत जा म्हणून हात करत होता.

परतायचा कौल होईपर्यंत जुव्यावर पाय ठेवायचा नाही, म्हणून तुळसाला घरी नेता आलं नाही. त्या काठावरच अग्नी दिला.

माझी बायको तुळसा त्या वर्षी मार्गशीर्ष वद्य पंचमीला, सकाळी सव्वासहाला वारली.