बुलुंगुलाचं नाव

माझ्या नवऱ्याला समुद्रानं परत दिलं नाही. म्डुम्बीच्या खडकांवर तो शेवंडं पकडायला उतरला, लाट आली आणि संपलं. देह नाही तर निदान आत्मा तरी घरी आणायला हवा, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. त्याला भाऊ नव्हता, आणि म्हाताऱ्या चुलत्यांना एवढं चालवत नव्हतं. म्हणून आत्मा जिच्यावर बसून घरी येतो ती बोरीची फांदी माझ्या हातात आली.

फांदी धरणाऱ्यानं वाटेत फक्त गेलेल्या माणसाशीच बोलायचं असतं. आता ही टेकडी, आता ही नदी, असं नाव घेऊन सांगत जायचं. जिथलं नाव त्याला ऐकू आलं नाही, तिथेच तो थांबतो. नणंद नोबान्टू माझ्यासोबत होती. तिला बोलायला मोकळीक होती, आणि ती दोघींच्या वाटचं बोलत होती.

"वहिनी, घरात तू एवढी गप्प असतीस ना, तर बाबांनी लग्नात तुझ्या बापाला आणखी दोन गाई दिल्या असत्या."

मला हसू आलं नाही. रडू तर बातमी आली तेव्हाही आलं नव्हतं. पाय चालत होते, तोंड नावं सांगत होतं. म्थाथा नदीच्या मुखाशी नावाड्यानं फांदी पाहिली आणि काही न विचारता होडीत एक जागा रिकामी सोडली. पुढे वाळूवर गाई बसल्या होत्या. खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका मान खाली घालून बाजूला सरल्या. मी सगळं त्याला सांगत होते, दुकानातल्या वस्तूंची नावं वाचावीत तसं.

बुलुंगुला नदीला ओहोटी होती. गुडघाभर पाण्यात शिरताना मी म्हणाले, "जोला, आता वाळूवाली नदी ओलांडतोय." जोला हे त्याचं कुळ, मी त्याला तशीच हाक मारायची. आणि वाळूवाली अशासाठी, की माझे सासरे बुलेलानी. ते गेले तरी त्यांच्या नावातलं 'बुल' सुनेनं उच्चारायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ती नदी माझ्या तोंडी वाळूवालीच. जीभ आपोआप वळली.

खोरा नदीशी पोचलो. पलीकडच्या टेकडीवर आमची घरं दिसत होती. नदीचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. या किनाऱ्यावर वाळू नसलेली नदी आहे कुठली? त्याला काय कळणार, मी कुठली म्हणाले ते?

नोबान्टूला हे सांगायची सोय नव्हती. म्हणून त्यालाच सांगितलं, तिला ऐकू जाईल असं.

"जोला, तू मागेच राहिलास. मी नदीचं नाव घेतलंच नाही."

नोबान्टूनं समोर पाहिलं. घरी बियर आंबून तयार होती, बैल बांधलेला होता, माणसं जमली होती. तिनं गाठोडं पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि ती आल्या वाटेनं वळली. "दादाला ताटकळायची सवयच आहे," एवढंच म्हणाली.

वाळूवाली नदी उलट ओलांडून आम्ही पहिल्या काठावर उभ्या राहिलो. भरती लागली होती. मला सासऱ्यांचं नाव घेतल्याच्या शापाची भीती वाटत नव्हती. कसलीच वाटत नव्हती. हात अंगाखाली दबून बधिर व्हावा तशी जीभ पडून होती.

"बाबा रागावतील, असं वाटतंय ना तुला?" नोबान्टू म्हणाली. "अगं, नाव ऐकलं तर ते उठून येतील. पोराला हाताला धरून तेच पलीकडे नेतील."

मग ती गायला लागली. आमच्या चर्चचे पाळक प्रवचन गाऊन सांगतात. अर्धी ओळ लांबवतात आणि उरलेली आमच्यावर सोडतात. "प्रभू हाक मारतो," एवढंच तिनं म्हटलं, सूर लांबवला आणि थांबली. "नाव घेऊन," हे पुढचं सगळ्या मंडळीनं म्हणायचं असतं. इथे मंडळी म्हणजे मीच होते.

"जोला," मी म्हणाले, "ही बुलुंगुला."

काही झालं नाही. वारा होता तसाच होता. मी फांदी डोक्यावर धरून पाण्यात उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं. ते थंड होतं, एवढं मला कळलं. मधोमध पुन्हा नाव घेतलं, पलीकडे चढल्यावर पुन्हा घेतलं. नोबान्टू मागून रडत येत होती. मी त्याला सांगितलं, तुझी बहीण रडतेय, आता खोरा.